तीन नंबरचं अंडं

३ ऑगस्ट

ती. मामा,

वाकून नमस्कार. पाठ धरलीय, तरी वाकले, याची नोंद घ्यावी.

बातमी अशी की मी सरांचं काम सोडलं. भांडण वगैरे काही नाही. इतकी वर्षं त्यांच्या मागे दुसरा कॅमेरा घेऊन फिरले. नवरा-नवरी त्यांच्या वाट्याला, जेवणारे पाहुणे माझ्या वाट्याला. तोंडात घास असलेल्या माणसांचे माझ्याइतके फोटो कोणी काढले नसतील. शेवटी म्हटलं, आता पुरे. सर म्हणाले, "जा, पण कॅमेरे ठेवून जा." कॅमेरे त्यांचेच, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. तर सध्या माझ्याकडे फोटो काढायची अक्कल आहे आणि कॅमेरा नाही.

आणि डिसेंबरात आपल्या बाळीचं लग्न! फोटो माझी भाची काढणार, असं तुम्ही सगळ्यांना सांगून बसलात. म्हणजे माझं स्वतःचं पहिलं लग्न तेच. हसू नका, काढायचं पहिलं लग्न म्हणतेय मी.

दुकानदार ओळखीचा आहे. तीन कॅमेरे वापरून बघायला द्यायचं त्याने कबूल केलंय. मी त्यांना स्थळं म्हणते. पहिलं स्थळ भारदस्त. आत आरसा आहे, दर फोटोला खाडकन उडतो. बॅटरी दिवसभर पुरते, पण गळ्यात अडकवलं की मान गेलीच म्हणून समजा. दुसरं बिनआरशाचं, हलकं, तोंडातून आवाज नाही. समोरच्या माणसाचा डोळा आपणहून शोधतं आणि त्यावर फोकस धरून बसतं. बॅटरी मात्र खा-खा खातं. तिसरं आधी कोणीतरी वापरलेलं, मागच्या पिढीतलं. ते घेतलं तर वाचलेल्या पैशांत एक चांगली लेन्स येईल. पण त्यात मेमरी कार्ड एकच बसतं. पहिल्या दोघांत दोन बसतात, म्हणजे एक कार्ड दगावलं तरी लग्न वाचतं. शिवाय सर नेहमी सांगायचे, एक बॉडी बंद पडली तर दुसरी बॉडी पिशवीत हवीच. ती मी सध्या भाड्याने आणीन.

एकच घेता येणार आहे, आणि चुकलं तर मला बदलता येणार नाही. तुम्ही सांगाल ते घेईन. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तुम्ही फक्त "बरं" म्हणता.

तुमची
भिंगरी


११ ऑगस्ट

चि. भिंगरी,

आशीर्वाद लिहिलेला नाही, पण आहे असं धर.

तुझं पत्र मामीने वाचून दाखवलं. 'एक बॉडी बंद पडली तर दुसरी बॉडी पिशवीत' इथे ती थांबली आणि मला म्हणाली, ही मुलगी नक्की कसल्या कामाला लागलीय? बॉडी म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, असं मी समजावून सांगितलं. तिला ते पटलेलं दिसत नाही. पत्राचा उरलेला भाग तिने लांब धरून वाचला.

आता ऐक. आरसा, बॅटरी, कार्ड हे सगळं दुकानदाराने बोलायचं. मला आकडे सांगू नकोस, मला कागदावर छापलेला फोटो दाखव. लग्नात सगळ्यात अवघड काय असतं? नवरी नाही आणि सासूही नाही. पांढरा रंग. अंधार उजळता येतो, हललेला फोटो बाजूला टाकता येतो, पण पांढरा बिघडला की सगळी माणसं आजारी दिसतात. शिवाय पांढरा काही एक नसतो. मिठाचा वेगळा, दुधाचा वेगळा, धुतलेल्या चादरीचा वेगळा, म्हाताऱ्याच्या केसांचा तर फारच वेगळा. माझ्या स्टुडिओत लोक लांबून यायचे ते माझा चेहरा बघायला नव्हे. या माणसाकडे पांढरा पांढरा येतो आणि माणूस माणसाच्या रंगाचा येतो, म्हणून यायचे. स्टुडिओ गेला, मशिनं गेली. नजर तेवढी राहिलीय.

बाळीच्या लग्नाचा पोशाख मोतिया रंगाचा आहे. शिंप्याकडून त्याचा एक तुकडा आणलाय. दुसरा तुकडा साध्या पांढऱ्याचा. दोन्हींना चिठ्ठ्या टाचून सोबत पाठवतोय. एका खिडकीत, सकाळच्या उजेडात, एक अंडं, बशीत मीठ आणि हे दोन तुकडे मांड. तिन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढ. कॉम्प्युटरमध्ये घालून रंगरंगोटी केलीस तर मला कळेल. फोटोंच्या मागे फक्त नंबर टाक. कुठलं स्थळ कुठल्या नंबरचं ते सांगू नकोस. ज्याला पांढऱ्यातला आणि मोतियातला फरक कळतो, तो कॅमेरा आपल्या घरात येईल. बाकीचे गुण गेले खड्ड्यात.

अल्बमही मीच लावणार आहे. मुलगी माझी आहे.

मामा


२० ऑगस्ट

ती. मामा,

नमस्कार, आज पाठ बरी आहे.

तीन फोटो सोबत आहेत. खिडकी घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरातली, कारण माझ्या खोलीच्या खिडकीतून फक्त शेजारच्यांची भिंत येते. मी अंडं मांडून त्याच्याकडे एक डोळा मिटून बघत होते, तेव्हा बाई मागे येऊन म्हणाल्या, "अंड्याचं लग्न आहे का?" मी म्हटलं, नाही, बघायचा कार्यक्रम आहे. मग त्या खुर्ची घेऊनच बसल्या. शेवटी अंडं त्यांनीच खाल्लं. मीठही तेच.

तुमच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. मोतिया तुकड्यावर 'पांढरा' आणि पांढऱ्यावर 'मोतिया'. मामीने गडबडीत टाचल्या असणार. मी सरळ करून घेतल्या.

तीन नंबरच्या वेळी माझ्याकडून एक गाढवपणा झालाय. कॅमेरे परत दिल्यावर लक्षात आलं, त्यामुळे पुन्हा काढता आला नाही. काय ते सांगत नाही. फोटो बघितल्याबरोबर तुम्हाला कळेलच आणि मला चार शिव्या बसतील. त्या द्या आणि तीन नंबर बाजूला ठेवा. खरी निवड एक आणि दोनमधलीच आहे. माझं मन कुठे आहे तेही सांगत नाही.

बाळीला म्हणावं, लग्नाच्या दिवशी केस एका बाजूने कानामागे घे. तिचा तो कान छान आहे.

भिंगरी


२९ ऑगस्ट

चि. भिंगरी,

तीन नंबर.

गाढवपणा शोध शोध शोधला. सापडला नाही. विनय बाजूला ठेव, धंद्यात तो कामाचा नाही. एक आणि दोनमधलं अंडं जुन्या वर्तमानपत्रासारखं दिसतंय. मीठ ओलं झाल्यासारखं. तीन नंबरमधलं अंडं मात्र अंडं आहे. स्वच्छ पांढरं. असा पांढरा मी माझ्या स्टुडिओत शेवटची काही वर्षं आणत होतो, आणि तो आणायला मला निम्मं आयुष्य लागलं. तुला एका सकाळी मिळाला. नशीबवान आहेस.

चिठ्ठ्या मामीने नाही टाचल्या. मी स्वतः टाचल्या, खिडकीशी बसून, नीट बघून. अदलाबदल झाली असेल तर ती तुझ्याकडे. दुसऱ्याच्या बायकोवर ढकलू नये.

तीन नंबर म्हणजे जे कोणतं स्थळ असेल ते, उद्याच्या उद्या घेऊन टाक. असा कॅमेरा कोणी दुसरा उचलून नेईल.

मामा

ता. क. मी मामी. तुझे मामा हे फोटो घेऊन आधी दारात उभे राहिले, मग गच्चीत, मग दिव्याखाली. चहा दोनदा गार झाला. तुझ्या कामात किती जीव आहे बघ त्यांचा!


५ सप्टेंबर

ती. मामा,

नमस्कार.

तीन नंबर घेतला. चांगला आहे. सवय करतेय. इकडे सगळं ठीक.

भिंगरी


५ सप्टेंबर

प्रिय मामी,

हे पत्र मामांना वाचून दाखवू नकोस. बाळीच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय.

मी मामांशी खोटं बोलले. तीन नंबर घेतला नाही, दोन नंबर घेतला. दोन नंबर म्हणजे बिनआरशाचं, दोन कार्डांचं स्थळ. तीन नंबर ते एका कार्डाचं जुनं. पण मुद्दा तो नाही.

तो तीन नंबरचा फोटो निळा आहे, मामी. जरासा नाही, निळाच आहे. त्या कॅमेऱ्यात आधीच्या कोणीतरी पिवळ्या बल्बच्या उजेडासाठी सेटिंग करून ठेवली होती. ती तशीच ठेवून खिडकीत फोटो काढला की सगळं निळं येतं. तोच माझा गाढवपणा. घरमालकीणबाईंना तो फोटो दाखवला तर त्या म्हणाल्या, "अगं, अंडं गारठलंय!" त्यांना फोटोतलं काही कळत नाही, तरी दिसलं. आणि मामांना त्यात स्वच्छ पांढरा दिसला. चिठ्ठ्याही उलट्या त्यांनीच टाचल्या, तेही नीट बघून.

आधी मला वाटलं, माझी परीक्षा घेतायत. चिडून दोन वेळा पत्र वाचलं. मग तुझं ता. क. वाचलं. फोटो घेऊन दारात, गच्चीत, दिव्याखाली उभं राहणारा माणूस जीव लावून बघत नसतो, मामी. त्याला दिसत नसतं.

मोतीबिंदू असेल का? सरांच्या आईचा होता. त्यांनाही सगळं पिवळट दिसायचं, निळा तर ओळखूच यायचा नाही. तू तिथे आहेस. तुला काय वाटतं ते लिही.

भिंगरी


१२ सप्टेंबर

चि. भिंगरी,

बाळीच्या टेबलावर बसून लिहितेय, ती पहाऱ्याला आहे.

तुझं पत्र वाचून मी आधी तुझ्यावरच चिडले. मग बसून एकेक गोष्ट आठवली. यांनी स्कूटर विकली तेव्हा म्हणाले, या वयात चालणं बरं. मला पटलं. वर्तमानपत्र, पत्रं, बँकेचे कागद सगळं मी वाचून दाखवते. का? तर म्हणाले, तुझा आवाज छान आहे. भिंगरी, लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या आवाजाला त्यांनी कधी बरा म्हटलं नव्हतं. मी खुश होऊन रोज सकाळी घसा खाकरून बसते. आता कळतंय, आवाजाचं कौतुक नव्हतंच ते. मला फार वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला.

मागे यांच्या स्टुडिओत फोटोंवर बारीक ब्रश फिरवणारे एक गृहस्थ होते. त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं आणि त्यांनी ब्रश खाली ठेवला तो कायमचा. तेव्हापासून हे म्हणतात, माझ्या डोळ्याला कोणाचा हात लागू देणार नाही. ती फार जुनी गोष्ट. आता आमच्या गल्लीतली निम्मी माणसं ऑपरेशन करून दुसऱ्या दिवशी भाजी आणायला जातात. पण यांना कोण सांगणार?

मी सांगितलं तर म्हणतील, तुला फोटोतलं काय कळतं. बाळीला म्हणतील, तू लग्नाचं बघ. तुझं ऐकतील, नाहीतर तुझ्याशी बोलणं टाकतील. दोन्हींतलं काय होईल ते मला सांगता येत नाही. पण एक सांगते, डिसेंबरच्या आत काही झालं नाही तर मुलगी समोर नटून उभी असेल आणि या माणसाला ती धड दिसायचीही नाही. वर सगळ्यांना सांगेल, छान दिसली.

तूच काय ते ठरव.

मामी


२२ सप्टेंबर

ती. मामा,

नमस्कार करते. हे पत्र मामी वाचून दाखवेल आणि मध्ये थांबेल. तिला थांबू देऊ नका.

मी तीन नंबर घेतला नाही. दोन नंबर घेतला. मागच्या पत्रात खोटं लिहिलं, कारण खरं लिहायला जड जात होतं.

तीन नंबरचा फोटो निळा आहे. माझ्या हातून चुकीच्या सेटिंगवर निघाला. तुम्ही शिकवलेल्या कोणालाही तो बघता क्षणी कळला असता. तुम्हाला कळला नाही, आणि मोतिया आणि पांढराही तुम्हाला वेगळे दिसले नाहीत. तुमची समज गेलेली नाही, मामा, डोळ्यावर पडदा आलाय. तो काढता येतो. मला डॉक्टरकी कळत नाही, पण पांढरा कळतो, आणि तो तुम्हीच शिकवलाय.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. तीन नंबरचा फोटो समोर ठेवा आणि घरी येईल त्या प्रत्येकाला विचारा, हे अंडं कुठल्या रंगाचं आहे? पोस्टमनला विचारा, शिंप्याला विचारा. तुम्ही बरोबर निघालात तर मी दोन नंबर विकून टाकीन, तुमची माफी मागीन आणि पुन्हा सरांच्या मागे पाहुणे खाताना काढत फिरीन.

मला तुमच्या मुलीच्या लग्नाचे फोटो काढायचे आहेत. पण त्या दिवशी तुम्हाला ती फोटोत नाही, समोर दिसायला हवी. म्हणून लिहिलं.

भिंगरी


३० सप्टेंबर

भिंगरीस,

पत्र पोचलं.

या हातांनी तुला कॅमेरा धरायला शिकवला. आता तू माझी नजर तपासणार आणि पोस्टमन निकाल देणार! वा.

तुझा धंदा तुला लखलाभ. बाळीच्या लग्नासाठी मी दुसरा फोटोवाला बघतोय. तू पाहुणी म्हणून ये, जेवून जा.

मामा

(हस्ताक्षर मामीचं आहे, पण शब्द त्यांचे. मी फक्त लिहिलं.)


२४ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडेपर्यंत थांबायचं असं मी ठरवलं होतं.

तुझ्या पत्रानंतर तीन नंबरचा फोटो यांनी कपाटावर उलटा टाकला होता. मग एके दिवशी पोस्टमन आला, पाणी मागितलं. मी आत गेले. बाहेर येऊन बघते तर हे फोटो त्याच्यासमोर धरून उभे. "यातलं अंडं कसलंय?" पोस्टमन बिचारा घाबरला. म्हणाला, "कोंबडीचंच असेल ना, काका?" हे म्हणाले, "रंग सांग, रंग." तो म्हणाला, "निळं आहे की हो."

मग शिंप्याकडे गेले. शिंपी म्हणाला, निळसर. औषधाच्या दुकानात गेले. तिथल्या मुलीने चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाली, आकाशी. परत आले ते गच्चीत जाऊन बसले. मी चहा घेऊन वर गेले, तर म्हणाले, "सगळे खोटं कशाला बोलतील?" मी चहा पुढे केला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मला दिसलं आणि मला दिसलं हे त्यांना दिसलं नाही.

डॉक्टरांची वेळ त्यांनी स्वतः घेतली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, बराच पिकलाय. आधी उजवा करायचं ठरलं. काल झाला. पट्टी आज निघाली. काय दिसतंय ते तेच तुला लिहिणार आहेत, मला सांगायला तयार नाहीत.

दुसरा फोटोवाला बघितला वगैरे सगळं खोटं होतं. एकालाही विचारलेलं नाही.

मामी


४ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

बऱ्याच दिवसांनी स्वतःच्या हाताने लिहितोय. ओळी वरखाली गेल्या तर मन मोठं कर.

मलाही नवी लेन्स बसली. डॉक्टरांनी समोर प्रकार मांडले, अगदी तुझ्या दुकानदारासारखे. जवळचं स्पष्ट दाखवणारी, लांबचं स्पष्ट दाखवणारी आणि दोन्ही थोडं थोडं सांभाळणारी. मी विचारलं, यातली फास्ट, कमी उजेडात चालणारी, कुठली? त्यांना आपला धंद्यातला विनोद कळला नाही. मी लांबची घेतली. जवळचं चष्म्याने बघता येईल, पण लग्नात बाळी माझ्यापासून लांब उभी असणार.

आता बातम्या. एक: तीन नंबर निळा आहे. ढळढळीत निळा. इतका निळा की मला तुझाच राग आला, असला फोटो माणसाने छापायला तरी द्यावा का? दोन: आपल्या घराच्या भिंती मळल्यात आणि हे मला कोणी सांगितलं नाही. तीन: तुझ्या मामीचे केस पांढरे झालेत. मी तिला विचारलं, हे कधी झालं? ती म्हणाली, तुमच्या डोळ्यांदेखत. पांढरा फार सुंदर आहे तो, रुपेरीकडे झुकणारा. मी बराच वेळ बघत राहिलो, तर ती पदर डोक्यावर घेऊन आत निघून गेली.

चौथी बातमी जरा वाईट. शेजारच्या वकिलीणबाईंच्या मुलाच्या लग्नाचा अल्बम मी केला होता, स्टुडिओ बंद व्हायच्या थोडा आधी. मुद्दाम जाऊन तो बघायला मागितला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत निळा. मला सगळं पिवळट दिसायचं, तो पिवळा मारायला मी निळा वाढवत गेलो असणार. नवरा निळा, नवरी निळी, भटजींचं धोतर आकाशातून उतरल्यासारखं. मी बाईंना विचारलं, तुम्ही कधी बोलला कशा नाहीत? त्या म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, ती तुमची स्टाइल आहे." आणि चहा विचारला. म्हणजे लोक येईनासे झाले त्याचं खापर मी मोबाइलवर फोडत होतो, आणि लोक सभ्यपणे गप्प बसत होते. त्या शेवटच्या वर्षांतल्या पांढऱ्याचा मला केवढा अभिमान होता! तुलाही लिहिलं होतं मी. फार वाईट वाटलं. दोन दिवस जेवण गेलं नाही.

तू गप्प बसली नाहीस. मी तुला नको ते लिहिलं, तरी तुझं म्हणणं खरं होतं. दोन नंबर ठेव. एक आणि दोन पुन्हा पाहिले. दोनमधलं मीठ बघून जीभ खारट झाली. लग्नाचे फोटो तूच काढायचेस. भाड्याची दुसरी बॉडी आणायला विसरू नकोस, बॅटऱ्या भरपूर घे आणि दोन्ही कार्डं नवी घे. अल्बम तू लाव. पांढरा कुठला हे यापुढे तू ठरवायचं, मी फक्त बघणार.

डावा डोळा लग्नानंतर करायचा ठरलाय. डॉक्टर लगेच करायला तयार होते, मीच नको म्हटलं. कारण विचारू नकोस.

मामा


२१ डिसेंबर

ती. मामा,

नमस्कार.

पोचले, झोपले, उठले आणि फोटो बघायला बसले. दोन नंबरने नाव राखलं. आवाज नसल्यामुळे कोणाला कळलंच नाही मी कुठे आहे ते. बाळी बोलायचं थांबून तुमच्याकडे बघते तो फोटो आलाय, कान दिसतोय. मोतिया मोतियाच आलाय. एक बॅटरी मध्येच संपली. पण पिशवीत दुसरी होती.

आता तक्रार. तुमचा एकही फोटो धड नाही. खुर्च्यांच्या रांगेजवळ उभे आहात आणि हाताने डोळा झाकलाय. आधी वाटलं, एखाद्याच फोटोत असेल. पण सगळ्यांत तेच. एका फोटोत डावा डोळा झाकलाय, पुढच्यात उजवा, मग पुन्हा डावा. नवऱ्या मुलाच्या आत्याने मला येऊन विचारलं, मुलीच्या वडिलांच्या डोळ्यात काही गेलंय का? मामी म्हणते, पाहुण्यांसमोर काय तो पोरकटपणा, एकही फोटो अल्बममध्ये लावू नकोस. ऑपरेशन केलेल्या डोळ्याला काही त्रास होतोय का? होत असेल तर लपवू नका. आता मी लगेच ओळखते.

त्रास नसेल तर मग चाललं काय होतं? सांगा, नाहीतर सगळे फोटो बाद करते.

भिंगरी


२९ डिसेंबर

चि. भिंगरी,

त्रास काही नाही. उजवा डोळा उत्तम आहे.

डावा झाकला की बाळी नव्या डोळ्याने दिसत होती. तिच्या पोशाखाचा रंग, गळ्याजवळचा तीळ, हसताना उजवीकडे पडणारी रेघ. सगळं स्वच्छ, जसं आहे तसं. एक चांगली, ठाम, मोठी बाई तिथे उभी होती आणि तिचं लग्न लागत होतं. मला ती फार आवडली. पण खरं सांगू का, मी तिला अशी कधी पाहिलीच नव्हती.

उजवा झाकला की ती जुन्या डोळ्याने दिसायची. पिवळट, धुरकट, कडा पुसलेली. या अशाच डोळ्यांनी मी तिला कॉलेजात जाताना पाहिलंय, तापात पडलेलं पाहिलंय, नोकरी लागली म्हणून पेढे घेऊन धावत येताना पाहिलंय. माझ्या घरात इतकी वर्षं जी मुलगी वावरली, ती तशी होती. पुढच्या आठवड्यात डावा डोळाही नवा होईल. मग ती मुलगी मला कुठे दिसणार?

म्हणून आलटून पालटून दोघींना बघत होतो. एकीचं लग्न बघायचं होतं आणि दुसरीचा निरोप घ्यायचा होता. मन भरून येत होतं. पाहुण्यांकडे बघायला वेळ नव्हता.

फोटो बाद करू नकोस. अल्बममध्ये लाव, सगळे. मामी काही म्हणाली तर माझं नाव सांग.

मामा